खाटेशेजारची जागा

बसनं नेहमीचा रस्ता सोडला तेव्हा तो खिडकीशी बसून मांडीवरच्या फाइलची नाडी पुन्हा एकदा बांधत होता. पुढं चौकात पाण्याचा मोठा पाइप फुटलाय, असं ड्रायव्हरनं मान वळवून सांगितलं आणि सगळी बस कुरकुरली. त्याला मात्र त्या कुरकुरीत सामील होता आलं नाही, कारण तो पाइप त्याच्या ओळखीचा होता. चौतीस वर्षं त्यानं पाणीपुरवठा खात्यात बसून नकाशे काढले होते. चौकाखालचा तो वाकडा सांधा त्यानं स्वतः ट्रेसिंग पेपरवर उतरवला होता, आणि इथून कधीतरी पाणी वर येणार, असं साहेबांना सांगितलंही होतं. साहेब म्हणाले होते, आपल्या नोकरीत नाही येणार. ते खरं ठरलं. तो निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, साहेब तर केव्हाच गेले, आणि पाणी आज आलं. आपलं म्हणणं इतक्या उशिरा का होईना खरं झालं, याचं त्याला थोडं बरं वाटलं. त्या बरं वाटण्यातच बस डावीकडं वळली, आणि डावीकडं वळलं की काय लागतं ते त्याला आठवलं.

एक्केचाळीस वर्षं तो या रस्त्यानं आला नव्हता. तसं दोघांनी बसून कधी ठरवलं नव्हतं. बाजारात जायचं तर बायको पुलावरून जायची, वीस मिनिटं जास्त लागायची, आणि तो मुकाट्यानं तिच्या मागून चालायचा. टॅक्सीत बसल्या बसल्या ती पहिलं वाक्य बोलायची ते, ‘पुलावरून घ्या’. कचेरीत या भागाचा नकाशा टेबलावर आला की तो शेजारच्या टेबलावर सरकवायचा आणि त्याच्या बदल्यात शेजाऱ्याचे दोन करून द्यायचा. शेजाऱ्याला वाटायचं, हा माणूस हिशेबात कच्चा आहे. त्या नकाशावर मुलांचं हॉस्पिटल म्हणजे एक आडवा चौकोन होता, त्याला दोन नळ जोडलेले. इतकंच होतं ते, पण तेवढ्या चौकोनाच्या चार रेघा ओढणं त्याच्या जिवावर यायचं. बायकोला जाऊन आता तीन वर्षं झाली होती आणि तो अजूनही पुलावरूनच जात होता. आज मात्र बसनं त्याला विचारलं नाही. ती गर्दीत अडकत, धक्के खात पुढं सरकली आणि नेमकी हॉस्पिटलच्या फाटकासमोर येऊन थांबली.

त्यानं आधी समोरच्या सीटच्या पाठीकडं बघितलं. मग म्हटलं, बघावं. दगडी इमारत तीच होती, बाजूला एक नवी काचेची भर घातलेली. कुंपणाच्या भिंतीवर कुणी हौसेनं प्राणी रंगवले होते आणि त्यातल्या हत्तीला चुकून पाच पाय झाले होते. त्याच्या मागच्या सीटवरून एक बाई उठली, कडेवर कानाला बँडेज बांधलेलं मूल, हातात दोन पिशव्या. तिला वाट द्यायला तो उठला, दरवाजापर्यंत सरकला, पायरीवर आला, आणि मग परत वर चढण्यापेक्षा खाली उतरणं सोपं होतं. आपण उतरलो, असं त्याला म्हणता आलं नसतं. पण बस निघून गेली तेव्हा तो फुटपाथवर उभा होता, फाइल छातीशी धरून. फाइलमध्ये मृत्युपत्राचा मसुदा होता. साडेअकराला वकिलांकडं सही करायची होती. मसुदा अगदी सरळ होता: राहतं घर आणि घरात असेल ते, बायकोच्या बहिणीच्या मुलीला. ही भाची शाळेत गणित शिकवायची, आठवड्यातून दोनदा येऊन त्याची औषधं डबीत भरून जायची, तो जेवतो की नाही हे त्याला न विचारता फ्रिज उघडून बघायची. तिचं स्वतःचं लहानसं घर होतं, पण मुलगी मोठी होत होती आणि घर तेवढंच राहिलं होतं. सगळं ठीक होतं. कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच म्हटलं असतं.

फाटकातून आत जाताना त्याला वाटलं होतं की आत गेल्यावर काहीतरी होईल, छातीत कळ येईल, निदान पाय तरी लटपटतील. तसं काही झालं नाही. पण फिनेलचा वास आला आणि त्या वासाबरोबर ठोंब्या आला. ठोंब्या हे बायकोनं मुलाला ठेवलेलं नाव. तान्हा असताना तो इतका गुबगुबीत होता की कूस वळायलाही आळस करायचा, म्हणून ठोंब्या. पुढं कळलं की तो आळस नव्हता, त्याच्या हृदयाला भोक होतं. सहाव्या वर्षी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर हसून बोलले. नऊ दिवस ठोंब्या पलंगावर बसून सगळ्या वॉर्डला हुकूम सोडत होता. चार ते सहा ही भेटायची वेळ. तो नकाशांच्या टेबलावरून उठून यायचा, ती तिच्या कंपनीतल्या टेलिफोनच्या बोर्डवरून. सहाला घंटा व्हायची, पितळी, कुणीतरी शिपाई हातात धरून वाजवत वॉर्डातून फिरायचा, आणि सगळे आईबाप एकदम उभे राहायचे, शाळेत साहेब आल्यावर उभं राहतात तसे. दहाव्या दिवशी ठोंब्याला ताप होता. फार नाही, सिस्टर म्हणाली, येतो असा. घंटा झाली तेव्हा त्यानं आईच्या पर्सचा पट्टा धरला. रडला नाही, ओरडला नाही, नुसता पट्टा धरून ठेवला. सिस्टरनं एकेक करून त्याची बोटं सोडवली आणि म्हणाली, आई उद्या येणार आहे. मग बायको मेट्रनकडं गेली. मी जमिनीवर बसते, म्हणाली, आवाज करणार नाही, कुणाला दिसणारसुद्धा नाही. मेट्रन म्हणाली, एकीला बसू दिलं की सगळ्यांना बसू द्यावं लागेल. मग बायको त्याच्याकडं वळली. ‘अहो, तुम्ही सांगा ना त्यांना.’ आणि त्यानं तिचं कोपर धरलं आणि म्हणाला, ‘चल. नियम आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलनं तिच्या कंपनीत फोन केला. घरी फोन नव्हता, फॉर्मवर तिनं ऑफिसचा नंबर लिहिला होता. ऑफिसचा फोन म्हणजे तिच्याच समोरचा बोर्ड. तिकडून बाई म्हणाली, तुमच्याकडं अमुक एक जण कामाला आहेत, त्यांना जरा निरोप द्यायचा होता. ती म्हणाली, बोलतेय. निरोप ऐकून तिनं शेजारच्या मुलीला आपली लाइन सांभाळायला सांगितली आणि मग त्याच्या कचेरीत फोन लावला. ‘ठोंब्या गेला. मी निघतेय, तुम्ही परस्पर तिकडंच या.’ अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात ती दिवसभर लोकांना ‘एक मिनिट थांबा, जोडून देते’ म्हणायची. पुढं कित्येक वर्षं तो आवाज त्याला कचेरीच्या फोनमध्ये ऐकू यायचा, फोन कुणाचाही असो.

‘कुणाकडं जायचंय?’ वॉचमननं विचारलं.

‘कुणाकडं नाही. सहज आलो.’

‘इथं सहज कुणी येत नाही, आजोबा,’ वॉचमन म्हणाला, पण अडवलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कुठं तरी बसायचं असतं एवढं त्याला कळत असावं. जिन्याखाली दोन लांब बाक होते. त्यांवर आणि बाकांपुढच्या फरशीवर माणसं बसली होती. उशा, थर्मास, घडी घातलेल्या चादरी, एका बाईच्या मांडीवर बिनडोळ्याची बाहुली. आगगाडी चुकलेल्या लोकांसारखी सगळी एकाच दिशेनं, जिन्याकडं बघत होती. त्याला जागा करून दिली एका तरुण माणसानं. त्याच्या नखांत निळा रंग सुकला होता. तो घरं रंगवायचा. त्याची चार वर्षांची मुलगी वर होती, पायाचं ऑपरेशन झालेली.

‘मग तुम्ही खाली का?’

‘वर एकालाच सोडतात, तेही दुपारी. बाकीच्यांना चार ते सहा. रात्री सगळे खालीच.’

‘अजून चार ते सहा?’

रंगारी त्याच्याकडं बघून हसला. ‘अजून म्हणजे? तुम्ही केव्हा होता इथं?’

त्यानं फाइल मांडीवर ठेवली आणि विचारलं, ‘झोप लागते का इथं?’

‘झोपेचं काय, लागते,’ रंगारी म्हणाला. ‘पण वर कुणी रडलं की आम्ही सगळे एकदम उठून बसतो. बावीस जण. प्रत्येकाला वाटतं आपलंच आहे. मग ऐकत राहायचं. एकवीस जण परत आडवे होतात, एक जण बसून राहतो.’ आणि मग जरा थांबून, जणू आपण फार बोललो असं वाटून, त्यानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढून पुढं केला.

बिस्कीट खात तो बसून राहिला. एवढ्या वर्षांत त्याच्या डोक्यात एक गोष्ट कधी आली नव्हती, ती म्हणजे ती दोघं त्या संध्याकाळी घरी गेली होती. इथं खालीसुद्धा थांबली नव्हती. तेव्हा हे बाक होते का? त्याला आठवेना. घरी जाऊन तिनं स्वयंपाक केला होता, तो जेवला होता, दुसऱ्या दिवशीच्या कामाची कागदपत्रं बघितली होती. हे त्याला आठवत होतं. उरलेलं बिस्कीट त्यानं खिशात टाकलं. जिन्यावरून एक सिस्टर उतरत होती, चाळिशीची, चष्मा कपाळावर ढकललेला. तो उठून तिच्या वाटेत जाऊन उभा राहिला आणि रात्री आईबापांना वर का थांबू देत नाहीत, असं तिला विचारलं. त्याच्या आवाजात इतकी धार कुठून आली ते त्यालाही कळलं नाही.

‘तुम्ही पेपरवाले का?’

‘नाही. नकाशे काढायचो मी. पाण्याचे.’

सिस्टरनं चष्मा डोळ्यांवर घेतला, त्याला नीट बघितलं. ‘मग वर या,’ म्हणाली. ‘आत नाही, दारातूनच बघा. नकाशेवाले ना, तुम्हाला कळेल.’

दारातून त्यानं वॉर्ड बघितला. खाटा नव्या होत्या, खिडक्या त्याच. डावीकडून चौथी, ठोंब्याच्या खाटेवरची खिडकी त्यानं बघायची नाही असं ठरवलं आणि बघितली. तिच्याखालच्या खाटेवर एक टक्कल केलेली मुलगी पुस्तकातल्या चित्रांना मिशा काढत बसली होती. ‘दोन खाटांत किती अंतर आहे सांगा,’ सिस्टर म्हणाली. त्याला टेपची गरज नव्हती. सव्वादोन फूट. ‘तिथं स्टूल ठेवलं की माझी ट्रॉली अडते. पोराला झटका आला तर ऑक्सिजन न्यायचा कुठून? लोकांना वाटतं आम्ही दुष्ट आहोत. मलाही दोन पोरं आहेत हो. मला काय ते खाली बसलेले बघवतात?’ ती सहज बोलत होती, रोज बोलावं लागतं अशा सवयीनं. तो मात्र दाराची चौकट धरून उभा राहिला. एक्केचाळीस वर्षं तो नियम त्याच्या मनात मेट्रनच्या तोंडानं बोलत होता, आणि तो नियम म्हणजे सव्वादोन फूट होता की काय. की सव्वादोन फूट हेही पुढं करायचं एक निमित्तच. त्याची नजर आपोआप भिंतीवर गेली. वॉर्डाच्या पलीकडं, खिडक्यांच्या बाहेर, एक बंदिस्त लांबलचक व्हरांडा होता, मोडक्या खाटा आणि जुन्या फायलींनी भरलेला. मधली भिंत भार पेलणारी नव्हती, खांब वेगळे होते. ती काढली तर प्रत्येक खाटेला सहा फूट मिळत होते. सहा फुटांत माणूस आडवा होतो. हे त्यानं उभ्या उभ्या बघितलं, भाषा येणाऱ्याला पाटी वाचावी लागत नाही, नुसती दिसते, तसं. खिशातला मोबाइल तेव्हा तिसऱ्यांदा वाजत होता. वकील होते. येतो म्हणून सांगून तो गेलाच नव्हता.

संध्याकाळी भाची आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. वकिलांनी तिला फोन केला होता. ‘काका, कुठं होता तुम्ही? मी तीन हॉस्पिटलांत फोन केले, कळतंय का?’

‘चौथ्यात होतो,’ तो म्हणाला. तिला ते हसण्यासारखं वाटलं नाही. मग त्यानं तिला चहा करू दिला, समोर बसवलं आणि सांगितलं की घर मुलांच्या हॉस्पिटलला द्यायचं म्हणतोय. माझ्यानंतर. ते विकून वॉर्डाची भिंत काढायची, प्रत्येक खाटेशेजारी एक बाक, आईबापांना झोपता येईल असा. सांगताना त्याला वाटलं होतं की ती घराबद्दल बोलेल, आपल्या मुलीबद्दल बोलेल, आणि ते बोलायचा तिला हक्क आहे. कपाच्या कानात बोट घालून तो कप ती बशीत गोल फिरवत राहिली.

‘मावशी त्या रस्त्यानं कधी गेली नाही,’ ती शेवटी म्हणाली. ‘मी लहानपणी यायचे तेव्हा मला पुलावरून फरपटत न्यायची, माझे पाय दुखायचे. आणि आता तिचं घर त्यांना द्यायचं? तिच्या पगारातून उभं राहिलंय हे, काका. मला नका देऊ, माझं काही नाही. खोटं कशाला बोलू, थोडं आहे. पण ते सोडा. त्यांना?’

‘त्यांना नाही गं. खाली बसलेत त्यांना.’

‘तिला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती?’

जे त्यानं कुणालाही कधी सांगितलं नव्हतं ते त्यानं आता सांगितलं. पर्सचा पट्टा, मेट्रन, जमिनीवर बसते म्हणाली ते, आणि आपण तिचं कोपर धरलं ते. तो फार सावकाश सांगत होता, मोजून, जसं काही कुठं एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर पाणी भलतीकडं जाईल. ‘मी म्हटलं असतं ना, ही बसेल इथं, काय करायचं ते करा, तर मेट्रन काय करणार होती? पोलीस बोलावणार होती? ती बसली असती. ताप वाढलेला तिला कळला असता. नसता कळला तरी ठोंब्या एकटा नसता. तुझी मावशी चाळीस वर्षं हॉस्पिटलवर चिडून राहिली आणि मी तिला चिडू दिलं. मला बरं पडत होतं. आज तिथं बसल्या बसल्या वाटलं, तिला माहीत होतं. तिनं राग तिकडं ठेवला, कारण इकडं ठेवला असता तर आम्हाला एका घरात राहता आलं नसतं.’

भाचीनं कप फिरवणं थांबवलं होतं. ‘मला माहीत आहे,’ ती म्हणाली.

‘काय माहीत आहे?’

‘कोपराचं. मावशीनं सांगितलं होतं मला. मी सोळाची होते, परीक्षेला इथं राहायला आले होते. तुम्ही कचेरीत गेला होतात. ती कपडे वाळत घालत होती आणि घालता घालता तिनं सगळं सांगितलं. आणि म्हणाली, यांना कधी बोलू नकोस. हे विसरलेत, ते बरंय. आठवलं तर जगायचे नाहीत.’

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. तो विसरलाय असं धरून बायको त्याच्याबरोबर एवढी वर्षं राहिली होती. जेवताना, पुलावरून जाताना, ताप आला की त्याच्या कपाळावर हात ठेवताना. आणि तो तिला माहीत नाही असं धरून. एकाच घरात दोघं एकमेकांपासून तेच एक लपवत होती आणि दोघांनाही वाटत होतं की आपण समोरच्याला सांभाळतोय. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आली ती एक विचित्र हुशारी, खूप वेळ उन्हात उभं राहून सावलीत आल्यावर येते तशी. त्यानं विचारलं, ‘मग तिला राग होता का माझा?’

‘ते मला नाही विचारता आलं, काका,’ भाची म्हणाली. ‘मी सोळाच वर्षांची होते.’ मग ती उठली, कप जरा जास्तच आपटत विसळले, औषधांची डबी भरली आणि निघून गेली. जाताना येते म्हणाली नाही. रविवारी आली नाही.

त्या आठवड्यात त्यानं माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली काढला. पहिल्या दिवशी एक सरळ रेघ आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं हॉस्पिटलच्या प्रमुखांची वेळ मागितली. त्या डॉक्टरीणबाई त्याच्या निम्म्या वयाच्या असतील. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्यात ठोंब्याचं त्यानं काहीच सांगितलं नव्हतं, आणि सरळ म्हणाल्या, ‘तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, पण तोवर मी इथं असेन असं नाही. माझ्यानंतर जे येतील त्यांना दुसरंच काही हवं असेल, यंत्र हवं असेल. माझा शब्द काय कामाचा?’

‘मग कशाचा उपयोग?’

‘लिहून ठेवा. जितकं नेमकं लिहाल तितकं बरं. मोडायचं झालं तर कुणाला तरी विचारून मोडावं लागेल. आणि नेमकं लिहायचं तर मोजून घ्या. सकाळी नऊला या, सिस्टरांना सांगते.’

सकाळी नऊला तो टेप घेऊन वॉर्डात गेला. एकट्याला मोजता येईना. सिस्टर कामात होत्या. तेव्हा रंगाऱ्याच्या मुलीनं, पाय प्लास्टरमध्ये, टेपचं एक टोक आपल्या खाटेच्या लोखंडाला दाबून धरलं आणि काम झाल्यावरही सोडेना. मग शेजारच्या खाटेवरच्यांनाही धरायचं होतं. शेवटी गरज नसलेली मापंही घ्यावी लागली. खाट किती लांब, खिडकी किती उंच, मिशा काढणारीचं पुस्तक किती जाड. सगळी त्यानं वहीत नीट लिहून घेतली, कारण ती बघत होती. चौथ्या खिडकीखाली तो वाकला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण मरायची गोष्ट करतोय आणि आपल्याला घाई झालीय. आजवर मरण म्हणजे त्याला नुसतं थांबणं वाटत आलं होतं, बाकावर बसून गाडीची वाट बघणं. आता त्याच्या पलीकडं कुणीतरी भिंत पाडणार होतं, धूळ उडणार होती, सुतार मापं विचारणार होता. ते बघायला आपण नसणार, याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचंच नवल वाटलं. बायको गेल्यापासून त्याला पुढचं काही बघायचं उरलं नव्हतं.

बुधवारी भाचीचा फोन आला. ‘वकिलांकडं केव्हा जायचंय?’ तिनं विचारलं, मध्ये काही झालंच नाही अशा आवाजात. ‘एकटे जाऊ नका. बस अजून वळवलेलीच आहे, तुम्ही परत कुठं तरी उतराल.’

वकिलांची खोली फायलींनी इतकी भरलेली होती की पक्षकाराला बसायला खुर्ची रिकामी करावी लागायची. त्यांनी नवा मसुदा वाचला, त्याला जोडलेला नकाशा उलटसुलट करून बघितला. ‘मृत्युपत्राला नकाशा जोडलेला मी पहिल्यांदाच बघतोय,’ म्हणाले. मग चष्म्यावरून भाचीकडं बघून त्याला म्हणाले, ‘यांच्यासाठी काहीच नाही लिहिलेलं. निदान आठवण म्हणून, तुमच्या मिसेसचा दागिना, आरसा, काही?’

‘लिहायचं होतं,’ तो म्हणाला. ‘मला विचारायचं होतं हिला.’

‘विचारून घ्या, ओळ घालतो. फक्त दोन साक्षीदार बाहेरचे लागतील. एक माझा कारकून आहे, दुसरा खालच्या झेरॉक्सवाल्याला बोलावतो.’

‘मी नाही का चालणार?’ भाचीनं विचारलं.

‘ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, मॅडम. एक चमचा जरी तुमच्या नावे लिहिला तरी तुमची सही मी घेणार नाही.’

भाचीनं पर्समधून पेन काढलं. ‘मग चमचासुद्धा लिहू नका,’ ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. वर्गात गणित समजावून सांगण्याआधी बाई फळ्याकडं बघतात तशी ती कागदाकडं बघत होती. वकिलांनी त्याची सही घेतली, कारकुनाची घेतली, आणि कागद तिच्यापुढं सरकवला. कलम वाचायची गरज नाही, साक्षीदारानं फक्त सही बघायची असते, असं ते म्हणाले. ते ऐकूनही तिनं ते वाचलं, आणि मनात नाही, मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. ‘या घराच्या विक्रीतून येईल त्यातून, सोबतच्या नकाशाप्रमाणे, प्रत्येक खाटेशेजारी एक बाक करावा. लांबी सहा फूट. त्या बाकावर मुलाच्या आईला, वडिलांना, किंवा ज्याला ते मूल आपलं मानतं अशा कुणालाही, दिवसा आणि रात्री थांबता येईल. त्यांना कुणीही उठवणार नाही.’

‘ते शेवटचं वाक्य कायद्याच्या भाषेत बसत नाही,’ वकील म्हणाले. ‘मी यांना फोनवरच म्हटलं होतं. “प्रतिबंध करणार नाही” असं करून घेऊ. पुन्हा टाइप करायला दहा मिनिटं लागतील.’

तो काही बोलायच्या आत भाचीनं मान हलवली. ‘आहे तसं राहू द्या,’ ती म्हणाली, आणि सही केली.